युकुलेले बेस घेतला, पण तारा सुरात राहत नाहीत. धातूच्या तारा लावू का?

खर्जवेडी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण गेले तेरा दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

मी अकरा वर्षं बेस गिटार वाजवते. नेहमीचीच, ३४ इंच स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), चार तारा. मागच्या वर्षी डावा खांदा आखडला. वरच्या फ्रेट्सवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) ठीक होतं, पण पहिल्या फ्रेटवरचा एफ धरायला हात लांब केला की खांद्यापासून कोपरापर्यंत कळ जायची. व्यायाम चालू आहेत, फरकही आहे, पण पूर्ण तालीमभर ते वजन गळ्यात घेऊन उभं राहणं अजून जमत नाही. वाजवणं सोडायचं नव्हतं, म्हणून युकुलेले बेस घेतला. साडेवीस इंच स्केल, पोकळ अंग, काळ्या रबरासारख्या जाड तारा, आत पिएझो पिकअप (तारेचं कंपन दाबातून टिपणारी पट्टी) आणि तो सिग्नल वाढवणारा छोटा प्रीअँप.

पहिल्या दिवशी अँपला जोडून सुटी ई तार, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, छेडली आणि खरंच अंगावर काटा आला. मांडीवर मावणाऱ्या त्या खोक्यातून उभ्या बेससारखा भरीव, गोल आवाज! हात जवळ, कोपर अंगाला लागून, खांद्याला काही त्रास नाही. त्या रात्री मी तीन तास वाजवलं.

दुसऱ्या दिवसापासून अडचणी सुरू झाल्या. ई तार जुळवून ठेवते, दहा मिनिटांत ती पाव सुराने उतरलेली असते. खुंटी पिळते तर आधी काहीच होत नाही, मग एकदम उडी मारून सूर वर जातो. डी तार बाकीच्या तिघींपेक्षा स्पष्ट हळू वाजते. बोटं तारेला चिकटतात, सरकताना किरकिर येते. परवा तालमीत दोन गाणी झाल्यावर गिटारवाल्याने वाजवायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही, पण मला समजलं. सुरात नसलेला बेस सगळ्यांनाच खाली ओढतो.

एक ओळखीचा म्हणाला, "त्या रबरी तारा काढून धातूच्या लाव, प्रश्न मिटेल." लावू का? की वाद्यातच खोट आहे? हे वाद्य ज्यांनी वर्ष-दोन वर्षं तरी सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा. मला ते परत करायचं नाहीये.

सहावाफ्रेट

धातूच्या लावा. मी महिनाभर रबरी तारांशी झगडलो आणि सोडून दिलं. धातूच्या तारांवर ओळखीचं वाटतं, आवाजाला धारही येते.

तारजुळारी

@खर्जवेडी, थांबा, घाई करू नका. मी सात वर्षं हाच प्रकार वाजवतोय, दुसरा बेस घरात ठेवलेलाही नाही. तुम्ही लिहिलेली एकूण एक तक्रार मी पहिल्या महिन्यात केलेली आहे आणि त्यातली एकही वाद्याची खोट नव्हती.

आधी या तारा अशा का असतात ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. तारेचा सूर लांबी, ताण आणि वजन या तिघांवर ठरतो. ३४ इंचांवरून साडेवीसवर आलात म्हणजे लांबी जेमतेम साठ टक्के उरली. सूर मात्र तोच हवा, सुट्या ई तारेचा सुमारे ४१ हर्ट्झ. त्याच वजनाची तार लावली तर ताण एक तृतीयांशाच्या आसपास उतरवावा लागतो आणि तार लोंबते. ताण तोच ठेवायचा तर तार पावणेतीन पट जड करावी लागते. पोलाद तेवढं जाड केलं की ती तार न राहता सळई होते, तिचे वरचे स्वर मूळ सुराशी जुळत नाहीत. तुमच्या रबरी तारांचं पॉलियुरेथेन जाड करूनही मऊ राहतं, म्हणून एवढ्याशा लांबीवर एवढा खर्ज निघतो. या वाद्याचा जीव तारेत आहे, लाकडात नंतर.

आता या मऊपणाची दुसरी बाजू. पोलादाची तार सुरात येईपर्यंत लांबीच्या एक टक्काही ताणली जात नाही. ही तार डोळ्यांना दिसेल इतकी लांबते. म्हणून खुंटी पिळतच राहावी लागते, आणि म्हणूनच नवी तार कित्येक दिवस सैल होत राहते. मला दोन आठवडे लागले. तुमचे तेरा दिवस झालेत, म्हणजे सगळ्यात त्रासाचा भाग संपत आलाय. रोज सकाळी जुळवा, रात्री ठेवताना पुन्हा जुळवून ठेवा. सैल करून ठेवू नका, नाहीतर रोज पहिल्या दिवसापासून सुरुवात.

"आधी काही नाही, मग उडी" हा प्रकार नटचा आहे, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. जाड, चिकट तार नटच्या खाचेत अडकते. तुम्ही खुंटी पिळता तेव्हा ताण खुंटी आणि नटच्या मधेच साचतो, पलीकडे पोचत नाही. पुरेसा साचला की तार खाचेतून झटक्याने सरकते. तार सैल करून खाचेतून बाजूला काढा आणि मऊ शिसपेन्सिलीचं टोक खाचेत आतून नीट फिरवा. खाच काळी-चकचकीत दिसली पाहिजे. मग जुळवताना दर अर्ध्या फेरीला तार नटच्या अलीकडे बोटाने जरा उचलून सोडा, म्हणजे साचलेला ताण दोन्हीकडे सारखा होतो. नेहमी खालून वर जुळवा. सूर चढला तर चांगला खाली उतरवून पुन्हा वर या.

खुंटीवर किती वेढे आहेत तेही बघा. माझ्या वाद्यावर घेताना साडेतीन वेढे होते, एकावर एक चढलेले. प्रत्येक वेढा स्वतः दबत होता आणि तार ढिली करत होता. तार ब्रिजकडून हाताने चांगली ताणून धरायची आणि मगच खुंटीत घालायची, म्हणजे सूर येईपर्यंत दीड-दोन वेढ्यांत काम होतं. घालताना तार पिळली जात नाही ना ते बघा. मी तारेवर पांढऱ्या पेन्सिलीने लांबीभर एक बारीक रेघ काढतो. रेघ सरळ राहिली तर पीळ नाही. पीळ राहिलेली तार सुटी सुरात वाजते आणि बाराव्या फ्रेटवर भलतंच बोलते. जास्तीचं टोक लगेच कापू नका, चार-पाच दिवस जाऊ द्या.

डी तारेबद्दल. पिएझो पिकअप सॅडलच्या (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाली पट्टीसारखा बसलेला असतो आणि तारेचा दाब सॅडलमधून त्याच्यापर्यंत पोचतो. सॅडलचा तळ एखाद्या ठिकाणी जरी अधांतरी राहिला तरी त्या वरची तार हळू ऐकू येते. तारा सैल करा, सॅडल चिमट्याने सरळ वर ओढून काढा, कोणती बाजू कुठे होती त्याची खूण ठेवा. खाचेत कचरा आहे का बघा. तळ काचेवर उभा धरून उजेडासमोर पाहा. फट दिसली तर काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून त्यावर तळ घासा, अगदी चार-पाच हात, सॅडल काटकोनात धरून. जास्त घासलंत तर तारा खाली येऊन फ्रेटवर आपटतील.

आणि धातूच्या तारा. @सहावाफ्रेट यांना जमलं असेल, मी त्यांचं नाकारत नाही. पण तुमच्या नटच्या खाचा या जाड तारांसाठी कोरलेल्या आहेत. बारीक तार त्यात खडखडेल, म्हणजे नट बदलावा लागेल. शिवाय नेहमीच्या बेस गिटारच्या तारा तर चुकूनही नकोत. याच स्केलसाठी बनवलेले धातूने मढवलेले संच मिळतात, आणि त्यांच्यासाठी वेगळा नट लावलेली मॉडेल्सही असतात. तो रस्ता पुढे कधी घ्यावासा वाटला तर घ्या. ज्या आवाजाने पहिल्या रात्री तुमच्या अंगावर काटा आला तो या जाड तारांचा होता, एवढं लक्षात असू द्या.

उभ्याने_बेस

वर सगळं नीट आलंय. मी मुळात डबल बेस वाजवतो आणि प्रवासात सरावाला म्हणून हा लहान भाऊ घेतला होता. उजव्या हाताबद्दल दोन शब्द.

बेस गिटारवरून येणारे सगळे ब्रिजजवळ आणि जोरात छेडतात. इथे तिथे काही नाही, ठक असा कोरडा आवाज येतो आणि तार झोके घेत फिंगरबोर्डवर आपटते. हात फिंगरबोर्डच्या शेवटाच्या वर आणा. बोटाच्या टोकाऐवजी पहिल्या पेराचा मांसल भाग तारेवर टेकवा आणि ढकलल्यासारखं करून सोडा, ओढू नका. नख लागता कामा नये. जोर तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा. मोठा आवाज हवा असेल तर तो अँपकडून घ्या, बोटाकडून नाही.

दुसरं म्हणजे स्वर टिकत नाही. ही सामग्री कंपन लवकर गिळते, वरचे स्वर तर आधीच. तुम्ही बेस गिटारवर एक स्वर अख्खा आवर्तभर धरून ठेवत असाल तर इथे तो मध्येच विरेल. तेव्हा गाण्यातली तुमची ओळच बदला. मूळ स्वर पुन्हा द्या, मधे पंचमाला जाऊन या, किंवा सरळ जागा मोकळी सोडा. मला ही जागा सोडण्याची सवय या छोट्या वाद्याने लावली आणि नंतर मोठ्या बेसवरही ती राहिली.

तार आडवी ओढून सूर वाकवायचा प्रयत्न करू नका, जवळजवळ काही होत नाही. तार आधीच इतकी ताणलेली असते की थोडं जास्त ओढल्याने तिला फरक पडत नाही.

जाता जाता, ही कल्पना युकुलेले बेसच्या आधीची आहे. १९८०च्या दशकात अ‍ॅशबोरी नावाचा बेस आला होता, अवघा १८ इंच स्केल, सिलिकॉनच्या तारा, फ्रेट नाहीत. अ‍ॅलन अ‍ॅशवर्थ-जोन्स आणि नायजेल थॉर्नबोरी या दोघांची ती रचना, दोघांची आडनावं जोडून नाव झालं. त्या तारा इतक्या चिकट की वाजवणारे टाल्कम पावडर जवळ ठेवत. तुमच्या किरकिरीवरही तोच उपाय आहे, फक्त पावडर तारेवर शिंपडू नका, बोटांना चोळा आणि झटका. तारेवरची पावडर खाली फ्रेटशी आणि सॅडलपाशी साचते.

खर्जवेडी

किती मनापासून लिहिलंय तुम्ही दोघांनी! वाचता वाचताच वाद्य मांडीवर घेतलं. खुंटीवर वेढे मोजले: ई तारेवर चार, एकमेकांवर चढलेले. आज संध्याकाळी एकेक तार काढते. एक शंका: डाव्या हाताला बेस गिटारच्या सवयीने पहिल्या फ्रेट्सवर बोटं फार फाकतात आणि सूर चुकतो. ते आपोआप जाईल का? आणि ट्यूनर खालच्या ई तारेला नीट ओळखत नाही, काटा नुसता नाचतो.

तारजुळारी

बोटांचं जाईल. ३४ इंचांवर नट ते पहिला फ्रेट साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर असतं, तुमच्याकडे आता २९. हाताला ही नवी मापं कळायला तीन आठवडे धरा, आणि तेवढ्यात मोठा बेस हातात घेऊ नका. फायदा असा की चार बोटं चार फ्रेट्सवर आरामात बसतात, जागा न बदलता. वर दहाव्या फ्रेटच्या पुढे मात्र दाटी होते, तिथे मी तीनच बोटं वापरतो. बोट फ्रेटला अगदी खेटून ठेवा, मधे नको.

बसून वाजवतानाही पट्टा लावा. पट्ट्याशिवाय हे एवढंसं अंग मांडीवरून घसरतं, मग डावा हात नेक सांभाळायला लागतो आणि खांदा नकळत वर चढतो. तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे.

ट्यूनर: चिमट्याचा असेल तर तो लाकडातलं कंपन वाचतो, आणि एवढ्या लहान डोक्यावर खालच्या ईचं कंपन फारसं पोचतच नाही. केबलने जोडायचा ट्यूनर वापरा, प्रीअँपमध्ये असेल तर तोच. तरीही काटा नाचला तर ई तार बाराव्या फ्रेटवर दाबून वरचा ई वाचा. हळू छेडा आणि ठोक्याचा पहिला धक्का जाऊ द्या, मग बघा.

मागच्या_रांगेतून

मी आवाज जुळवायचं काम करतो. वाजवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही अशी गोष्ट सांगतो. पिएझो हाताचा प्रत्येक धक्का पकडतो, अंगाला टेकलेल्या मनगटाचासुद्धा. हे धक्के ई तारेच्याही खाली, ३० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतात. कानाला ते फारसे ऐकू येत नाहीत, पण स्पीकरचा पडदा मात्र आत-बाहेर पळत राहतो आणि आवाज गढूळ होतो. लो-कट (ठरावीक सुराखालचं सगळं कापणारी सोय) मिळाला तर ३० ते ३५ हर्ट्झवर लावा. आवाज लगेच स्वच्छ होतो आणि खर्ज जराही कमी वाटत नाही.

गिटारच्या अँपमधून मोठ्याने वाजवू नका, तो स्पीकर या सुरांसाठी नसतो. बेसचा किंवा कीबोर्डचा अँप घ्या. प्रीअँप नसलेलं, नुसत्या पिएझोचं वाद्य कुणी घेतलं तर ते थेट मिक्सरला जोडून "आवाज पत्र्यासारखा येतो" म्हणतात. पिएझोला एक मेगओहमच्या आसपासचं इनपुट लागतं, म्हणून मधे प्रीअँप किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय (वाद्य मिक्सरला जोडायचा छोटा डबा) हवाच.

आणि पोकळ अंग आहे, तेव्हा अँपसमोर तोंड करून उभं राहिलात की घूंऽऽ सुरू होणार. बाजूला उभ्या राहा, साउंडहोलला रबरी झाकण लावा. या वाद्याचा अँपशिवायचा आवाज तसाही एका खोलीपुरताच असतो, त्यामुळे झाकण लावून काही हरवत नाही.

खर्जवेडी

नऊ दिवसांनी लिहितेय, आधी सगळं करून बघायचं होतं.

नटच्या खाचा पेन्सिलीने घासल्या. चारही तारा एकेक करून पुन्हा लावल्या, पांढरी रेघ काढून. ए तारेवर रेघ जिन्यासारखी गोल फिरलेली दिसली, पूर्ण दीड पीळ! ती सरळ केल्यावर बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळला. मी इतके दिवस स्वतःच्या बोटाला दोष देत होते.

मग सॅडल काढलं. भीती वाटत होती, दोनदा चिमटा खाली ठेवला. ओढल्यावर ते टक करून सुटलं आणि खाचेत, बरोबर डी तारेच्या खाली, लाकडाची एक चपटी कपची पडलेली दिसली. तांदळाच्या दाण्याच्या निम्मी असेल. तिच्यामुळे सॅडल एका बाजूने उचललेलं होतं. कुंचल्याने साफ केलं, घासावं लागलंच नाही. आता डी तार बाकीच्यांच्या बरोबरीने वाजते. ती कपची मी कागदाच्या पुडीत ठेवलीय.

काल तालीम होती. सुरुवातीला जुळवून घेतलं, आठ गाण्यांमध्ये एकदाच ए तार किंचित वर करावी लागली. @उभ्याने_बेस, तुम्ही सांगितलेलं जागा सोडणं एका संथ गाण्यात करून पाहिलं. आधी मी तिथे लांब स्वर धरायचे. काल फक्त पहिल्या ठोक्याला मूळ स्वर आणि चौथ्याच्या आधी पंचम, मधे काही नाही. गाणारीने दुसऱ्या कडव्यात तिची ओळ जरा मागे खेचून म्हटली, मी ती जागा मोकळी ठेवली होती म्हणून. तालमीनंतर तिने मला विचारलं की आज वेगळं काय केलंस.

पहिल्या फ्रेटवरचा एफ आता दुखत नाही. अडीच तास वाजवलं.

एकच राहिलं. प्रीअँपची बॅटरी दोन आठवड्यांतच उतरली. हे एवढं खातं का?

तारजुळारी

कपचीचं वाचून फार बरं वाटलं. माझ्या वाद्यात लाकडाचा भुसा निघाला होता, डी आणि ए तारेच्या मधे.

बॅटरी एवढी खात नाही. वाजवून झाल्यावर केबल वाद्यातच राहते का? अशा बहुतेक वाद्यांत जॅकमध्ये केबल खुपसली की प्रीअँप चालू होतो आणि काढेपर्यंत चालूच राहतो. अँप बंद केला तरी. केबल वाद्याच्या बाजूने काढून ठेवत जा. नवीन बॅटरी घातल्यावर दोन महिन्यांनी सांगा, तोपर्यंत टिकली नाही तर मग जॅक तपासू.

खर्जवेडी

राहते! रोज राहते. आता उठून काढली.